वाचक विचारतात : पेशी दिसते कशी, चित्रात येते कशी

या वेळी पेशी पाहण्याविषयीचे प्रश्न घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून प्रत्येक उत्तराच्या आधी मूळ प्रश्न थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : ४० पट वस्तुभिंगाने कांद्याचा पापुद्रा पाहिला. पेशीभित्तिका आणि केंद्रक दिसले, पण पुस्तकातल्या आकृतीतले गॉल्जी पिंड, आंतर्द्रव्यजालिका, रायबोझोम यांतले काहीच दिसले नाही. १०० पट भिंग लावले तर दिसेल का?

नाही दिसणार, आणि यात तुमच्या सूक्ष्मदर्शकाचा दोष नाही. वस्तू मोठी करून दाखवणे वेगळे आणि अगदी जवळ असलेले दोन ठिपके सुटे दाखवणे वेगळे. पहिल्याला वर्धन म्हणतात, दुसऱ्याला विभेदन. वर्धन हवे तेवढे वाढवता येते, विभेदनाला मात्र प्रकाशच मर्यादा घालतो. ही मर्यादा एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली सूत्रात मांडली : प्रकाशाच्या तरंगलांबीला भिंगाच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या दुपटीने भागायचे. न्यूमरिकल अ‍ॅपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते ते सांगणारा आकडा, तो भिंगावरच कोरलेला असतो. ‘४०/०.६५’ असे लिहिले असेल तर त्यातला ०.६५ तो.

हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर धरली, तर या भिंगाला सुमारे ४२० नॅनोमीटर अंतरावरचे ठिपके सुटे दिसतात. तेल लावून वापरायच्या १००/१.२५ भिंगाला २२० नॅनोमीटर. रायबोझोमचा व्यास २० ते ३० नॅनोमीटर आणि पेशीपटलाची जाडी ७-८ नॅनोमीटर, म्हणजे दोन्ही या मर्यादेच्या फार खाली. एकूण वर्धन न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या हजारपटीपुढे नेले की चित्र मोठे होते, पण नवा तपशील मिळत नाही. म्हणून १.२५च्या भिंगावर १५ पटीची नेत्रिका (डोळ्याजवळचे भिंग) लावून १५०० पट करण्यात काही लाभ नाही.

तंतुकणिकांची गोष्ट निराळी आहे. त्यांची जाडी साधारण अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे ५०० नॅनोमीटर. विभेदनाच्या हिशेबाने त्या दिसायला हव्यात. त्या दिसत नाहीत, कारण त्या पारदर्शक असतात आणि आजूबाजूच्या द्रव्यातून उठून दिसत नाहीत. जिवंत पेशींना जानस ग्रीन बी या रंगाचे अगदी विरळ द्रावण दिले की तंतुकणिका निळसर-हिरव्या होतात, काही मिनिटांनी हा रंग उडायला लागतो. न रंगवता पाहायचे असेल तर फेज कॉन्ट्रास्ट लागतो, म्हणजे पारदर्शक भागांतला फरक उजेड-अंधारात बदलून दाखवणारी सोय. फ्रिट्स झेर्निके यांना या तंत्रासाठी १९५३चे नोबेल मिळाले.

आणखी एक सांगायला हवे. चित्र फिके दिसले की बहुतेक जण कंडेन्सरखालचा डायफ्रॅम (स्लाइडखालच्या, प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाचा लहान-मोठा होणारा पडदा) जवळजवळ बंद करतात. त्याने कडा ठळक होतात हे खरे, पण विभेदन घसरते आणि प्रत्येक कडेभोवती प्रकाशाच्या एक-दोन पट्ट्या उमटतात. प्रयोगवहीत ‘पेशीपटल’ म्हणून काढलेली रेघ पुष्कळदा हीच पट्टी असते. नेत्रिका काढून नळीतून आत पाहा आणि दिसणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा तीन-चतुर्थांश भाग उघडा राहील इतका डायफ्रॅम ठेवा. कमी-जास्त उजेडासाठी दिव्याचे बटण वापरा.

प्रश्न : गालाच्या पेशी मिथिलीन ब्लूने रंगवल्या की सगळेच गडद निळे होते. केंद्रकाभोवती बारीक निळे ठिपके दिसतात, त्या तंतुकणिका समजाव्यात का?

ठिपक्यांपासून सुरुवात करू. ते तोंडातले जिवाणू आहेत. गालाच्या पेशींच्या पृष्ठभागावर ते नेहमीच चिकटलेले असतात, आकार सुमारे एक मायक्रोमीटर, आणि मिथिलीन ब्लू त्यांना केंद्रकाइतकाच गडद रंगवतो. ओळखायचे कसे? फोकस हळूच वर-खाली करा. ठिपके आणि केंद्रक एकाच पातळीवर स्पष्ट होत नाहीत. शिवाय तसेच ठिपके पेशीबाहेर मोकळ्या जागेतही सापडतात.

सगळे निळे होण्यामागे बहुधा दोन कारणे असतात : रंग फार तीव्र आणि पेशी फार दाट. आधी दोनदा चूळ भरा. कापसाच्या बोळ्याची काडी गालाच्या आतून हलकेच एकदा-दोनदा फिरवा आणि स्लाइडवर पातळ पसरा. ओलसर असतानाच ०.१ टक्का मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाका, एक-दोन मिनिटे थांबा आणि कव्हरस्लिप तिरकी धरून सावकाश खाली सोडा. मग एका कडेला ०.९ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवून समोरच्या कडेला टिपकागद लावा. जादा रंग ओढला जातो आणि पार्श्वभूमी स्वच्छ होते. साधे पाणी वापरू नका, त्यात पेशी फुगतात. चांगल्या स्लाइडवर ५०-६० मायक्रोमीटर रुंदीची, कडेला दुमडलेली चपटी पेशी दिसते आणि मधोमध एकच गडद केंद्रक.

प्रश्न : कांद्याच्या मुळाग्राची स्लाइड चार वेळा केली. सूत्री विभाजनाच्या अवस्था सापडत नाहीत, नुसत्या लांबट आयताकृती पेशी दिसतात. काय चुकते आहे?

लांबट आयताकृती पेशी दिसल्या म्हणजे मुळाचा चुकीचा भाग स्लाइडवर आला आहे. विभाजन टोकाच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्येच चालते. त्याच्या मागच्या भागात पेशी फक्त लांब होतात. विभाजनक्षम पेशी लहान आणि चौकोनी असतात, आणि त्यांचे केंद्रक पेशीचा मोठा भाग व्यापून असते. तशा पेशी दिसेपर्यंत १० पट भिंगावरच शोधत राहा. ४० पटावर घाईने जाऊन शोधणारा हमखास चुकतो.

आता पहिल्या पायरीपासून पाहू. कांद्याची जुनी वाळलेली मुळे खरवडून काढा, पण बुडाची चकती कापू नका. कांदा अशा भांड्यावर बसवा की फक्त बूड पाण्याला टेकेल आणि पाणी रोज बदला. २० ते २५ अंश सेल्सियसला दोन-चार दिवसांत दीड-दोन सेंटिमीटर मुळे येतात. कोंब येऊ नये म्हणून प्रक्रिया केलेले कांदे बाजारात असतात, त्यांना मुळे नीट फुटत नाहीत. अशा वेळी लसूण लावा, त्याचीही गुणसूत्रे कांद्याप्रमाणे १६ असतात. टोक तपकिरी किंवा लिबलिबीत झालेले मूळ घेऊ नका. लांब मूळ चांगले असे समजू नका, तजेलदार पांढरे आणि आखूड मूळ बरे.

मुळे कापल्याबरोबर स्थिरीकरणाच्या, म्हणजे पेशी आहे त्या अवस्थेत टिकवणाऱ्या, द्रावणात टाका : तीन भाग एथिल अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल. हे द्रावण त्याच दिवशी बनवलेले हवे, कारण ठेवून दिले की दोन्ही घटकांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन एस्टर तयार होतो आणि परिणाम घटतो. मुळे त्यात १२ ते २४ तास राहू द्या. नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये शीतकपाटात कित्येक आठवडे टिकतात.

पहाटे किंवा सकाळी कापावे, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्यावर विसंबू नका, कारण विभाजनाचा जोर तापमान, उजेड आणि वाण यांप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा एकाच कांद्याची मुळे दिवसभरात दर दोन तासांनी कापून वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवा आणि कोणत्या बाटलीत विभाजन जास्त मिळते ते मोजा. एक दिवस जातो, पण पुढचे सगळे वर्ष सोपे होते.

यानंतर जलविच्छेदन. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ६० अंशांना तापवून त्यात मुळे ८ ते १० मिनिटे ठेवा. शेजारशेजारच्या पेशींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन यात सुटते. वेळ कमी पडली तर पेशी दाबूनही सुट्या होत नाहीत, ढिगाऱ्यासारख्या एकमेकींवर राहतात. जास्त झाली तर मुळाचा लगदा होतो आणि गुणसूत्रे रंग नीट धरत नाहीत. साठ अंश म्हणजे साठच. तापमापी भांड्याबाहेरच्या पाण्यात न ठेवता आम्लाच्या परीक्षानळीत धरा, दोन्हींत सहज पाच अंशांचा फरक पडतो. मग मुळे पाण्यात दोन-तीनदा धुवा. आम्ल राहून गेले की रंग फिका येतो.

अ‍ॅसिटोकार्मिन किंवा २ टक्के अ‍ॅसिटो-ऑर्सिनमध्ये मुळे १० ते ३० मिनिटे ठेवा. रंगलेल्या मुळाचे टोक बाकीच्या मुळापेक्षा स्पष्टपणे गडद दिसते. ते गडद टोक, दीड-दोन मिलिमीटर, तेवढेच स्लाइडवर घ्या आणि उरलेले मूळ खरोखर टाकून द्या. तुमच्या चारही स्लाइडच्या वेळी बहुधा हेच करायचे राहून गेले असावे. ४५ टक्के अ‍ॅसेटिक आम्लाचा एक थेंब टाकून कव्हरस्लिप ठेवा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वरून हलके ठोका. टोक ढगासारखे विरळ पसरताना डोळ्यांना दिसते. मग टिपकागदाच्या घडीत धरून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप तसूभरही सरकता कामा नये. ती सरकली की पेशी गुंडाळल्या जाऊन वळकट्या होतात आणि गुणसूत्रे एकमेकांत अडकतात. अ‍ॅसेटिक आम्लाच्या वाफा डोळ्यांना आणि नाकाला झोंबतात, तेव्हा हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

अपेक्षाही नेमकी ठेवा. निरोगी मुळाग्रातसुद्धा शंभर पेशींपैकी साधारण पाच ते दहाच विभाजनात सापडतात आणि त्यांतल्या बऱ्याच पूर्वावस्थेत. पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रे दोन टोकांकडे ओढली जाण्याची अवस्था, थोडाच वेळ टिकते, म्हणून ती कमी दिसते. चार-पाचशे पेशी मोजल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका.

काही वाचकांना सोळा गुणसूत्रे सुटी मोजायची आहेत. त्यांनी स्थिरीकरणाआधी मुळे ०.००२ मोलर ८-हायड्रॉक्सिक्विनोलीनमध्ये तीन-चार तास ठेवावीत. त्याने तर्कूचे तंतू बनत नाहीत, गुणसूत्रे आखूड होतात आणि पसरतात. अशा मुळात पश्चावस्था मात्र मिळणार नाही, कारण गुणसूत्रांना ओढून नेणारे तंतूच उरत नाहीत. अवस्था दाखवायच्या आणि गुणसूत्रे मोजायची, तर मुळांचे दोन गट वेगळे करा.

प्रश्न : पुस्तकात तंतुकणिका शेंगदाण्यासारखी असते. चित्रफितीत मात्र लांब, फांद्या फुटलेले धागे दिसतात. बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर आहेत, पण शेंगदाणा हा कापाचा परिणाम आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पेशी स्थिर करून राळेत बसवतात आणि तिचे ६० ते ९० नॅनोमीटर जाडीचे काप घेतात. दहा मायक्रोमीटर जाडीच्या पेशीचे असे शंभराहून जास्त काप पडतात. लांब वळणदार धागा कुठेही कापला तरी कापावर बहुधा वर्तुळ किंवा लंबगोलच येणार. दोरीचे वेटोळे सुरीने आडवे कापून पाहा, नुसत्या चकत्या दिसतात. सलग काप जोडून त्रिमित आकार उभा केला की धागा परत मिळतो. जिवंत पेशीत हे धागे एकमेकांना जोडले जातात आणि पुन्हा तुटतात. काही पेशींत ते आखूडही असतात, त्यामुळे शेंगदाण्याचा आकार सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी धागा आणि कण या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून ‘मायटोकॉन्ड्रियन’ हे नाव दिले. मराठीतल्या ‘तंतुकणिका’ या शब्दात दोन्ही जसेच्या तसे आले आहेत. आकृती काढताना मुले त्यातली कणिका तेवढी काढतात, तंतू राहून जातो.

प्रश्न : रंगवल्यावर दिसते ते पेशीत खरोखर असते, की रसायनांनी तयार झालेले, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात?

कामिलो गॉल्जी यांनी १८९८ साली घुबडाच्या मेंदूतल्या पेशी चांदीच्या क्षाराने रंगवल्या. केंद्रकाभोवती एक काळे जाळे दिसले. त्यावर पुढे अर्धशतक वाद झाला. चांदीची प्रक्रिया लहरी, कधी जाळे उमटायचे, कधी नाही, आणि जिवंत पेशीत ते कोणालाच दिसत नव्हते. म्हणून हा रंगाचा डाग आहे, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नव्हती. १९५०च्या दशकाच्या मध्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चपट्या पिशव्यांची चळत स्पष्ट दिसली आणि गॉल्जी खरे ठरले.

उलट उदाहरण मेसोसोमचे. जिवाणूच्या पटलाची आत वळलेली घडी अनेक इलेक्ट्रॉन चित्रांत दिसली. तिला नाव मिळाले, कामे नेमून दिली गेली, पाठ्यपुस्तकांतही ती आली. पुढे रासायनिक स्थिरीकरण टाळून जिवाणू झटक्यात गोठवले, तेव्हा घड्या दिसेनात. स्थिरीकरणातच पटल सुरकुतत होते. तरीही काही पुस्तकांत मेसोसोम अजून शिकवला जातो आणि परीक्षेत विचारला जातो. हे बदलायला हवे.

कसोटी एकच आहे. दोन अशा पद्धतींनी पाहा, ज्यांच्या चुका एकसारख्या नाहीत. स्थिरीकरणाने फसवले असेल तर गोठवून पाहा. रंगाने फसवले असेल तर रंगाशिवाय पाहा. दोन्हीकडे तेच दिसले तर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

प्रश्न : प्रतिदीप्तीच्या चित्रातले निळे, हिरवे, लाल रंग खरे असतात का? आणि दोन रंग मिळून पिवळा झाला म्हणजे ती दोन प्रथिने एकमेकांना चिकटली, असे मानावे का?

प्रतिदीप्ती म्हणजे एका रंगाचा प्रकाश पडल्यावर रंगद्रव्याने दुसऱ्या रंगाने चमकणे. हा प्रकाश खराच रंगीत असतो. डीएनएला चिकटणारे डापी निळे चमकते, जीएफपी हे चमकणारे प्रथिन सुमारे ५१० नॅनोमीटरला हिरवे. पण संशोधनाचे बहुतेक कॅमेरे फक्त उजेड मोजतात. प्रत्येक गाळणीमागे (ठरावीक रंगाचाच प्रकाश जाऊ देणाऱ्या काचेमागे) एक कृष्णधवल चित्र मिळते आणि त्याला रंग नंतर संगणकावर दिला जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्राला तर रंग असूच शकत नाही, तिथले सगळे रंग माणसाने भरलेले असतात. रंग देणे गैर नाही, ते सांगितले पाहिजे इतकेच. एक विनंती : लाल-हिरव्याऐवजी किरमिजी-हिरवी जोडी वापरा. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे वाचक पुष्कळ असतात. आणि प्रत्येक रंगाचे कृष्णधवल चित्र शेजारी द्या, बारीक तपशील त्यातच नीट दिसतो.

पिवळ्यावरून निष्कर्ष मात्र काढू नका. प्रथिनाचा आकार पाच नॅनोमीटरच्या आसपास, पण साध्या प्रतिदीप्ती चित्रात त्याचा ठिपका दोन-अडीचशे नॅनोमीटरचा दिसतो. पेशीतली प्रथिनांची बारीक नळी, म्हणजे सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटर जाडीची, तीसुद्धा दहापट जाड उमटते. तेवढ्या एका ठिपक्यात चाळीस प्रथिने एका रांगेत बसतील. पिवळा रंग एवढेच सांगतो की दोन्ही एका मोहल्ल्यात आहेत, हातात हात घालून आहेत असे नाही. त्याआधी एक तपासणी करा. फक्त हिरव्याने रंगवलेला नमुना लाल गाळणीतून पाहा. तिथे काही उमटले तर तुमचा पिवळा म्हणजे हिरव्याची गळती आहे. कॅमेऱ्याचा उजेड मर्यादेला टेकून ठिपके पांढरेफटक झाले असतील, तर ते चित्र मोजमापाला निरुपयोगी. आबे यांच्या मर्यादेखाली नेणाऱ्या तंत्रांना २०१४चे नोबेल मिळाले, त्यांत ठिपक्याची जागा वीसेक नॅनोमीटरपर्यंत नक्की करता येते.

प्रश्न : जीएफपी असलेल्या पेशींचे रात्रभर चित्रण केले. पहाटेपर्यंत पेशी गोल होऊन सुटतात. पेशी आजारी आहेत, की प्रकाशाने मरतात?

त्याच डिशमध्ये प्रकाश न पडलेली जागा सकाळी पाहा. तिथल्या पेशी पसरलेल्या आणि विभाजन करत असतील तर दोषी प्रकाश. त्याही गोल झाल्या असतील तर तापमान, कार्बन डायऑक्साइड किंवा बाष्पीभवन.

प्रकाशाचा हिशेब मांडून पाहा. दर १० सेकंदांनी चित्र घेतले तर बारा तासांत ४३२० वेळा निळा प्रकाश पडतो, दर पाच मिनिटांनी घेतले तर १४४ वेळा. पेशीविभाजनासाठी पाच मिनिटे पुरतात. चित्रांच्या मधल्या वेळात शटर खरोखर बंद होते का, ते डोळ्यांनी पाहा. ही चूक फार वेळा निघते. प्रकाश कमी करून चित्र दाणेदार दिसले तरी चालेल, पेशी जगल्या पाहिजेत. फिनॉल रेड (माध्यमातला आम्लता दाखवणारा रंग) नसलेले माध्यम घ्या, कारण हा रंग पार्श्वभूमी उजळवतो. सर्वांत तेजस्वी पेशी निवडू नका. तिच्यात प्रथिन गरजेपेक्षा जास्त असते आणि ते गोळा होऊन भलत्या जागी दिसू शकते. माणसाच्या किंवा उंदराच्या पेशींना ३७ अंश आणि सुमारे ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. वायूची सोय नसेल तर १० ते २५ मिलिमोलर हेपेस (माध्यमाची आम्लता स्थिर ठेवणारे द्रव्य) घाला. फोकस सरकत असेल तर सूक्ष्मदर्शक आणि डिश तास-दोन तास आधीपासून त्याच तापमानाला ठेवा.

प्रश्न : अ‍ॅनिमेशनमध्ये किनेसिन हे प्रथिन पिशवी ओढत सूक्ष्मनलिकेवर ऐटीत चालते. खरेच असे घडते का?

पावले खरी आहेत. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटरचे, एका पावलाला एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), आणि वेग सेकंदाला सुमारे ८०० नॅनोमीटर. म्हणजे सेकंदाला जवळजवळ शंभर पावले. अ‍ॅनिमेशन हा वेग कितीतरी कमी करून दाखवते, नाहीतर पाय दिसणारच नाहीत. ऐट मात्र खोटी. पाऊल उचललेला भाग पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी सतत हेलकावतो, पुढची जागा चाचपडत सापडते, कधी पाऊल मागेही पडते. सर्वांत मोठा फरक मोकळ्या जागेचा. चित्रात किनेसिनभोवती निळे आकाश असते, तर पेशीद्रव्याचा २० ते ३० टक्के भाग मोठ्या रेणूंनी व्यापलेला असतो. तेवढी गर्दी चित्रात घातली तर काहीच दिसणार नाही, म्हणून ती काढतात. वर्गात असे अ‍ॅनिमेशन दाखवताना काय काय काढून टाकले आहे ते आधी फळ्यावर लिहा, मग चित्रफीत सुरू करा.

प्रश्न : छायाचित्राखाली ‘×४००’ लिहिणे पुरेसे आहे का?

नाही. पान छोटे-मोठे छापले किंवा पडद्यावर ताणले की तो आकडा चुकतो. चित्रातच मोजपट्टी टाका, ती चित्राबरोबर ताणली जाते. त्यासाठी एकदा मापन करावे लागते. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली स्लाइड, एक भाग १० मायक्रोमीटर. समजा ४० पट भिंगावर नेत्रिकेचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांशी जुळले. म्हणजे नेत्रिकेचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. गालाची पेशी २४ भाग भरली तर ती ६० मायक्रोमीटरची. प्रत्येक भिंगासाठी हे वेगळे करायचे आणि नेत्रिका बदलली की पुन्हा. कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रासाठी त्याच भिंगाने स्टेज मायक्रोमीटरचाही एक फोटो काढून ठेवा, मोजपट्टी त्यावरून टाकता येते.